आरशावरचा हिशेब

आमच्या गावात तेव्हा वार नाकाने कळायचा. नदीकाठी अत्तराचा कारखाना होता, आणि तिथे ज्या दिवशी जे शिजायचं ते वाऱ्यावर बसून गावभर हिंडायचं. सोमवारी लिंबू. मंगळवारी गुलाब, तोही जरा जास्तच शिजलेला. गुरुवारी मात्र एक गोडसर, ओलसर वास यायचा, त्याला कोणी कधी नाव दिलं नाही. तो आला की माणसं बोलता बोलता थांबायची, खिडकीबाहेर बघायची आणि आपण काय सांगत होतो तेच विसरायची. माझ्या सलूनमधली निम्मी उधारी गुरुवारची होती.

माझी धाकटी बहीण त्या कारखान्यात मिश्रणाच्या खोलीत कामाला होती. कशात काय किती थेंब पडायचं ते ठरवणारी ती. सलून खाली, घर वर, आणि घरात आम्ही दोघंच. मी जिन्याची पहिली पायरी चढतोय तोवर वरून ओरडायची, "दादा, आज बेकरीवाल्याचे केस कापलेस ना?" असं ते नाक. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, एकाच माणसाचा वास जन्मभर घ्यायचा म्हणजे फारच झालं.

एका गुरुवारी त्या खोलीतल्या मोठ्या भांड्याचं झाकण सुटलं आणि पांढरी वाफ छतापर्यंत गेली. ती आपल्या पायांनी बाहेर आली, पायऱ्यांवर बसली, थोडं डोकं दुखतंय म्हणाली. संध्याकाळी घरी आली तेव्हा जगाला वासच उरला नव्हता. कारखाना म्हणाला, सर्दी असेल. महिन्याभराने तोच कारखाना म्हणाला, नाक चालत नसेल तर या खोलीत तुमचं काम काय? म्हणजे नाक गेलं हे त्यांना मान्य होतं, ते त्यांच्यामुळे गेलं एवढंच मान्य नव्हतं. चोर तर चोर, वर शिरजोर!

तेव्हापासून ती दुपारची झोपायला लागली. जागेपणी काही येत नसे, पण झोपेत वास यायचे. उठली की जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची आणि मला सांगायची. आज ओल्या लोकरीचा आला रे. आज आईच्या पेटीतला. आज कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या टाळूचा, कुणाचं ते दिसलं नाही. तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा, आणि मी कात्री थांबवून ऐकायचो. गिऱ्हाईकंही ऐकायची. कुणाचा अर्धा भांग तसाच राहायचा आणि त्याची तक्रार नसायची.

अशाच एका दुपारी खटला लढवायचं ठरलं. वकीलबाई कोर्टासमोरच्या एका खोलीत बसत. पंखा लावला की कागद उडतात म्हणून उन्हाळाभर घाम पुसत बसत. त्या म्हणाल्या, दावा चांगला आहे, पण तपासण्या, तज्ज्ञ, तारखा, सगळ्याला पैसे लागतात. मी म्हणालो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यावर त्यांनीच तोड काढली. इंटरनेटवर एक पान उघडलं, त्यावर धाकटीची हकीकत लिहिली आणि ज्याला वाटेल त्याने खटल्यासाठी वर्गणी द्यावी असं आवाहन केलं.

मी हसलो होतो. नाकासाठी कोण पैसे देतो? लोकांनी दिले. गावातल्यांनी दिले, आणि ज्यांना आम्ही कधी बघणारही नाही अशांनीही दिले. पैशांबरोबर माणसं आपापला वास लिहून पाठवायची. एकाने लिहिलं, नव्या वहीचा वास परत मिळो. एका बाईंनी लिहिलं, नवऱ्याच्या जुन्या कोटाचा, तो आता नाही, कोट आहे. कुणी तरी लाजत लाजत पेट्रोलचा लिहिला होता. धाकटी ते फोनवर वाचत बसायची आणि वाचता वाचता तिचे डोळे मिटायचे.

सगळ्यांत मोठी रक्कम दिली ती कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने. त्याला लहानथोर सगळे किल्लीकाका म्हणायचे. चावी कापायच्या नव्या यंत्रासाठी त्याने साठवलेले पैसे होते ते. माझ्या हातात पाकीट ठेवून म्हणाला, "हे घे. आणि हिशेब कुठे बघायला मिळेल?"

झालं, माझं डोकं सणकलं. बहिणीचं नाक गेलंय आणि हा हिशेब मागतोय! "आरशावर!" मी म्हणालो. "दाढीला बसाल तेव्हा स्वतःच्याच थोबाडावर वाचा."

बोललो रागात. पण एकदा बोललो की करून दाखवायचं, ही आमच्या घराण्याची खोड आहे.

दर शनिवारी सकाळी मी साबणाच्या ओल्या तुकड्याने मोठ्या आरशावर आठवड्याचा खर्च लिहायला लागलो. कोर्टाचं शुल्क. झेरॉक्स. नाकाच्या डॉक्टरांची तपासणी. वकीलबाईंचा चहा, दोन वेळा. "अहो, माझा चहा कशाला लिहिता?" त्या कळवळल्या. "प्यायलात ना?" मी म्हणालो. सगळ्यांत खाली जाड अक्षरात शिल्लक. मग त्याचा फोटो काढून त्या पानावर टाकायचा, म्हणजे लांबच्यांनाही दिसावा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कपाळावर कोर्टाचं शुल्क आणि हनुवटीखाली शिल्लक. गरम टॉवेल उघडले की वाफेने आरसा धुरकटायचा. चेहरे विरघळून जायचे आणि आकडे तेवढे हवेत तरंगत राहायचे. किल्लीकाका ओठ हलवत सगळं वाचायचा. एकदा त्याने बेरजेत चूक पकडली आणि दिवसभर खुशीत होता. कर नाही त्याला डर कशाला, असं मी येईल त्याला ऐकवायचो. मला त्या आरशाचा माज चढला होता, म्हणाना.

आता ही चूक बघा. न्हाव्याच्या खुर्चीत मित्रही बसतो आणि वैरीही बसतो, आणि दोघांचंही तोंड आरशाकडेच असतं. उभा जन्म या धंद्यात गेला, पण मला हे सुचलं नाही. कारखान्याच्या हिशेबखात्यातला एक कारकून दर शनिवारी दाढीला यायचा आणि अर्धे डोळे मिटून पडून राहायचा. मला वाटायचं, झोपतो बिचारा. तिकडे कारखान्याचे वकील तारखांवर तारखा घेत होते आणि इकडे माझ्या आरशावरची शिल्लक दर आठवड्याला बारीक होत होती. ज्या शनिवारी ती इतकी उतरली की पुढच्या तज्ज्ञाची फीसुद्धा निघाली नसती, त्याच्या पुढच्याच सोमवारी वकीलबाईंकडे कारखान्याचा निरोप आला. तडजोड करू या.

तडजोड अशी होती. कारखाना भरपाई देणार आणि मोठ्या शहरातल्या इस्पितळात धाकटीचा सगळा उपचार करणार. बदल्यात दोन अटी. आमच्यामुळे झालं असं ते कधी म्हणणार नाहीत, ही एक. आणि दुसरी, रक्कम, आजार, उपचार, ती बरी झाली की नाही, यातलं काहीच आम्ही कधी कुणाला सांगायचं नाही. एक शब्द फुटला तर सगळे पैसे परत. (कारखाना पुढे बुडाला आणि मालकाचा पत्ता नाही, म्हणून आज बोलतोय.)

"लढलो तर बहुतेक जिंकू," वकीलबाई म्हणाल्या. "पण दोन-तीन वर्षं जातील. आणि डॉक्टर म्हणतात, उपचार वर्षाच्या आत झाला तरच उपयोग."

"नाही म्हणून कळवा," मी ताडकन म्हणालो. "आम्ही लोकांना शब्द दिलाय. पैशाचं काय झालं ते आरशावर येणार म्हणजे येणार. पैसे लोकांचे आणि शेवट लपवायचा? शोभत नाही आम्हाला."

धाकटी काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही पटलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून जिन्यावर येऊन बसली. दुकानात कुणी नव्हतं. मी विचारलं, "आज काय आलं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे झोप लागली, स्वप्नही पडलं. आपण दोघं आईबरोबर कुठल्यातरी बागेत होतो. फुलंच फुलं. मी वाकून वाकून बघितलं, दादा. एकालाही वास नव्हता." तिने माझ्याकडे पाहिलं. "नाक विसरायला लागलंय."

मी साबणाचा तुकडा हातात धरून उभा होतो.

"काल तू 'आम्ही' म्हणालास," ती म्हणाली. "आम्ही कोण रे? नाक माझं गेलंय. तुझ्या आरशाची अब्रू राहावी म्हणून मी जन्मभर अशी कोरडी बसू?"

"अगं, लोकांनी विश्वासाने..."

"लोकांनी माझ्या नाकासाठी दिले. आरशासाठी एकाने तरी दिले का, दाखव."

ती एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. चिडायचं काम घरात माझ्याकडे होतं. मला उलट काहीतरी बोलायचं होतं, पण तिचं खरं होतं, म्हणून साबण खाली ठेवला आणि तडजोडीला होकार कळवायला वकीलबाईंना फोन लावला.

सही करण्याआधी तिने आपलीही एक अट घातली. तिच्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसत होती. "ते भांडं आधी बाहेर काढा," तिने वकीलबाईंकरवी कळवलं, "मग माझी सही." कारखान्याने नेहमीच्या दुरुस्तीचं नाव सांगून भांडं बदललं. जुनं भांडं ट्रकवर आडवं पडून रस्त्याने चाललं तेव्हा ती खिडकीत उभी होती. ते वळणाआड गेल्यावर तिने पदर खोचला आणि सही करायला निघाली.

आता माझी पंचाईत सुरू झाली. हातात पैसे आले होते. मला वाटलं, ज्याने जे दिलं ते सगळंच्या सगळं परत करून टाकावं आणि मोकळं व्हावं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आरशावर शिल्लक इतकीशी, आणि वाटणार त्याच्या दहापट? आंधळ्यालासुद्धा कळेल कुठून आले ते. जी शिल्लक आहे तेवढीच वाटा. एक नाणं जास्त नको." म्हणजे देणं खिशात असून देता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटच्या शनिवारी मी खर्चाची ओळ न ओळ लिहिली. उरलेली शिल्लक प्रत्येकाला त्याच्या वाट्याने परत जाईल असं लिहिलं. त्याखाली लिहिलं, खटला संपला. आणि हात थांबवला.

किल्लीकाकाने ओठ हलवत सगळं वाचलं. दुकानात चार-पाच जण होते.

"बेरीज बरोबर आहे," तो म्हणाला. "निकाल काय लागला?"

"सांगता येत नाही."

"जिंकलात?"

"सांगता येत नाही, काका."

"हरलात?"

मी फेस घोटत राहिलो. कोणी खाकरलं. काका उठला, गळ्यातलं कापड स्वतःच सोडलं, नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"मी जन्मभर कुलपं केली," तो म्हणाला. "पण ज्याचं दार त्यालाच बाहेर ठेवेल असं कुलूप कधी केलं नाही." आणि अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेला.

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी पाठमोऱ्या काकाकडे बघत राहिलो. मग ओलं फडकं घेऊन आरसा पुसला. तो नुसता आरसा झाला. त्यात मी दिसत होतो, आणि मला ते आवडलं नाही.

त्यानंतर काका माझ्याकडे फिरकला नाही. स्वतःच दाढी करायला लागला आणि गावभर कापलेली हनुवटी घेऊन हिंडायला लागला. बाकीचे येत राहिले, पण बोलणं तुटक झालं. त्या पानावर लांबचे लोक विचारायचे, ताई कशा आहेत? मी वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो. धाकटी मोठ्या शहरात उपचाराला गेली. गावात सांगितलं, मावशीकडे गेली. दुपारी जिन्याची पायरी रिकामी असायची आणि गिऱ्हाईकं सवयीने तिकडे बघायची.

ती परत आली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, वाट बघा. कुप्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. ती हुंगायची, मान हलवायची, झाकण लावायची. असे किती दिवस गेले. मग एका सकाळी मी खाली दाढी करत असताना वरून तिची किंकाळी आली. मी वस्तरा टाकून जिना चढलो. ती मागच्या खिडकीत अर्धी बाहेर लोंबत होती, केस मोकळे, डोळे मिटलेले, आणि छाती भरभरून श्वास घेत होती.

"गटार!" ती म्हणाली. "दादा, गटार! काय घाण येतेय रे!"

मीही खिडकीत डोकं घातलं. आम्ही दोघं भावंडं गटारावर वाकून हसत होतो, आणि हसता हसता मला रडूच फुटलं. मग आठवलं, खाली दुकानात पाच माणसं बसली आहेत. त्यातल्या तिघांनी याच दिवसासाठी पैसे दिले होते. मी तोंड धुतलं, खाली गेलो आणि म्हणालो, "काही नाही, झुरळ होतं." असलं दळभद्री वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो.

पुढे एकेक वास तिच्याकडे परत यायला लागला. कधी उलटासुलटा, चहाला जळक्या रबराचा, साबणाला कांद्याचा. मग हळूहळू आपापल्या जागी. ती घरात पावलं न वाजवता फिरायची, भिंती हुंगायची, माझे जुने शर्ट हुंगायची. बाहेर मात्र निर्विकार चेहरा. गुरुवारी वारा सुटला की ती दाराच्या आत उभी राहायची आणि तिचे ओठ थरथरायचे. लोक म्हणायचे, बिचारी.

एका शनिवारी दुकानाच्या दाराचं कुलूप सकाळी उघडलं ते पुन्हा लागेना. गावात कुलूपवाला एकच. मी निरोप धाडला आणि तो येणार नाही असं धरून चाललो. पण धंदा तो धंदा. किल्लीकाका आला, माझ्याकडे न बघता दाराशी गुडघे टेकून बसला. आत खुर्चीत कारखान्याचा तोच कारकून, तोंडावर गरम टॉवेल, नाकाचं टोक तेवढं बाहेर.

धाकटी वरून धुतलेले टॉवेल घेऊन आली. गच्चीत ते वाळत घातलेले, उन्हाचा वास घेतच आली असणार, कारण तिचा चेहरा झोपेतून उठल्यासारखा हसरा होता. काकाजवळून जाताना ती थबकली.

"काका, दाढ दुखतेय का हो? केवढा लवंगेचा वास येतोय."

माझा हात फेसाच्या वाटीत तसाच राहिला. तिच्याही लक्षात आलं. टॉवेलांची चळत तिने तोंडावर दाबली, आणि वर डोळे तेवढे दिसत होते, घाबरलेले.

"कसला वास म्हणाली?" टॉवेलखालून आवाज आला. कारकून उठून बसला, टॉवेल काढला आणि आरशातून मागे बघायला लागला.

गावातला सगळ्यांत बडबड्या माणूस मी, आणि एक साधी थाप सुचेना. उपचार झाला होता, पैसे खर्च झाले होते. परत मागितले असते तर घर आणि सलून विकूनही भागलं नसतं.

किल्लीकाका गुडघ्यावर हात रेटून सावकाश उठला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. याच नजरेने तो आकडे वाचायचा, आणि आताही त्याचे ओठ किंचित हलले. मावशीकडे गेलेले महिने, माझं सांगता येत नाही, सगळं तो एकाखाली एक मांडत असावा. मग ओठ हलायचे थांबले.

"वास कुठला यायला तिला," तो कारकुनाकडे वळून म्हणाला. "मघाशी जिन्यापाशी मीच सांगितलं, दाढेत लवंग धरलीय म्हणून. तेव्हापासून चेष्टा करतेय माझी. नाक नाही तिला, साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला नाही ठाऊक? तुमच्याच कारखान्यात गेलं की!"

बेरजेतली एका पैशाची चूक न सोडणारा तो माणूस, डोळ्याला डोळा भिडवून धडधडीत खोटं बोलत होता. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"सर्दी होती ती," कारकून पुटपुटला आणि मागे टेकला. मी झटकन टॉवेल परत त्याच्या तोंडावर टाकला, जरा जास्तच गरम.

"पोरी, बाहेर ये जरा," काका म्हणाला. "हा कोयंडा धर."

कोयंड्याला काही झालं नव्हतं. आरशात मला ती दोघं दिसत होती, रस्त्याच्या कडेला, पाठमोरी. काकाने दार अर्धं लोटून घेतलं. मग पिशवीतून एक किल्ली काढून तिच्यापुढे धरली. ती वाकली आणि काहीतरी म्हणाली. त्याने मान डोलावली. मग तेलाचं फडकं धरलं. मग कानशीचा लाकडी दांडा. मग स्वतःचा तळहात. ती तळहातावर बराच वेळ वाकून होती, आणि वर बघून जे म्हणाली त्यावर काका दुखऱ्या दाढेसकट हसला, आणि त्याच तेलकट फडक्याने डोळे पुसायला लागला. ते बघून माझेही डोळे भरून आले.

"आटपा की हो," कारकून टॉवेलखालून म्हणाला.

"आटपतोच आहे," मी म्हणालो, आणि त्या दिवशीइतकी सावकाश दाढी मी जन्मात कुणाची केली नाही.